तिसऱ्या गटातली अक्षरं

जागतिक आरोग्य संघटनेनं क्षयाच्या जंतूतल्या जनुकीय बदलांची एक यादी केली आहे. पहिली आवृत्ती २०२१ मध्ये आली, दुसरी २०२३ मध्ये. या यादीत प्रत्येक बदलाला पाचांपैकी एक गट दिलेला असतो. पहिल्या दोन गटांतला बदल सापडला तर ते औषध चालणार नाही असं समजायचं, शेवटच्या दोन गटांतला सापडला तर त्याची काळजी करायची नाही. मधला, तिसरा गट ‘अनिश्चित’ बदलांचा. असा बदल औषधाला निकामी करतो की नाही हे सांगण्याइतका पुरावा अजून जगात कुणाकडेच नाही. मुंबईतल्या एका क्षयरोग प्रयोगशाळेत मी सिक्वेन्सिंगचे, म्हणजे जंतूचा जनुकक्रम वाचून केलेल्या निदानाचे रिपोर्ट लिहिते. माझा सगळ्यात जास्त वेळ या तिसऱ्या गटावर जातो.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले ते कल्चरच्या, म्हणजे जंतू वाढवून केलेल्या चाचणीच्या, काळात. क्षयाचा जंतू फार संथ. ई. कोलायसारखा जंतू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. क्षयाच्या जंतूला त्यासाठी अठरा ते चोवीस तास लागतात. त्याला वाढवायचं माध्यम आम्ही कोंबडीच्या अंड्यांपासून बनवायचो. अंडी धुवून, स्पिरिटनं पुसून फोडायची, त्यात क्षार, ग्लिसरॉल आणि मॅलाकाइट ग्रीन मिसळायचं, बाटल्या तिरक्या ठेवून मंद उष्णतेवर ते घट्ट करायचं. या एलजे माध्यमावर वाढ दिसायला तीन-चार आठवडे सहज जात, आणि ‘वाढ नाही’ असं लिहायला आठ आठवडे थांबावं लागे. फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या खरबरीत, फिकट पिवळ्या वसाहती दिसल्या की मग त्यांच्यावर औषधांची चाचणी, आणि तिला आणखी काही आठवडे. पुढं एमजिट हे द्रव माध्यम आलं. त्यात वाढ लवकर कळते, पण नकारार्थी रिपोर्टसाठी तिथंही ४२ दिवस वाट पाहावी लागते. दुसऱ्या फळीतल्या औषधांचा रिपोर्ट हातात येईपर्यंत रुग्णाचे दोन-तीन महिने अंदाजानं दिलेल्या औषधांवर गेलेले असत.

त्या अंदाजाची किंमत काय होती ते मी पाहिलं आहे. एमडीआर, म्हणजे अनेक औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाच्या रुग्णांना तेव्हा रोज कॅनामायसिनचं इंजेक्शन दिलं जाई. हे औषध कानातल्या पेशी मारतं, आणि त्यानं गेलेलं ऐकणं परत येत नाही. जंतूच्या आरआरएस नावाच्या जनुकात १४०१ व्या जागी ‘ए’च्या ऐवजी ‘जी’ आलेला असेल, तर कॅनामायसिन आणि अमिकासिन ही दोन्ही औषधं त्याच्यापुढं निरुपयोगी ठरतात. एका अक्षराची माहिती वेळेत न मिळाल्यामुळं काही माणसांनी उपयोग नसलेली इंजेक्शनं महिनोन्‌महिने घेतली आणि त्यांची श्रवणशक्ती गेली. ‘कॅनामायसिन: रेझिस्टंट’ असं मी स्वतःच्या हातानं रजिस्टरमध्ये लिहिलं आहे, आणि तो रिपोर्ट वॉर्डात पोहोचला तेव्हा इंजेक्शनांचा कोर्स संपत आलेला होता, असंही घडलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये कॅनामायसिन आणि कॅप्रिओमायसिन वापरू नका असं सांगितलं. मी सिक्वेन्सिंगकडं वळले त्यामागं त्या रजिस्टरमधल्या नोंदी आहेत.

मधल्या काळात वेगवान चाचण्या आल्या नव्हत्या असं नाही. डिसेंबर २०१० मध्ये जीनएक्सपर्टला मान्यता मिळाली. आपल्याकडं सगळे त्याला सीबीनॅट म्हणतात. क्षय आहे का आणि रिफाम्पिसिन चालेल का, या दोन प्रश्नांची उत्तरं दोन तासांत मिळू लागली. मग गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं बॅटरीवर चालणारं ट्रूनॅट आलं, जे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या टेबलावरही मावतं. ज्या तालुक्यात आधी फक्त सूक्ष्मदर्शक होता तिथं रिफाम्पिसिनचा निकाल त्याच दिवशी मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे. पण रिफाम्पिसिनसाठी ही यंत्रं आरपीओबी जनुकातल्या ८१ अक्षरांच्या तुकड्यापुरतंच पाहतात. इस्वातिनी या आफ्रिकेतल्या छोट्या देशात, म्हणजे तेव्हाच्या स्वाझिलँडमध्ये, त्या तुकड्याच्या बाहेर बदल झालेला एक वाण पसरला होता. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिथल्या एमडीआर वाणांपैकी सुमारे ३० टक्के वाणांत हा बदल होता, आणि यंत्र त्या सगळ्यांना रिफाम्पिसिन चालेल असंच सांगत होतं. लाइन प्रोब असे या दुसऱ्या वेगवान चाचणीच्या पट्टीची अडचण वेगळी. पट्टीवर अपेक्षित रेघ उमटली नाही की त्या जागी काहीतरी बदललं आहे एवढं कळतं. काय बदललं ते कळत नाही, आणि उपचार बऱ्याचदा त्या ‘काय’वर ठरतो.

जंतूचा पूर्ण जनुकक्रम १९९८ मध्ये स्ट्युअर्ट कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला: ४४ लाख ११ हजार ५२९ अक्षरं, सुमारे चार हजार जनुकं. निदानासाठी आम्ही यातला थोडाच भाग वाचतो. बेडक्यात रुग्णाच्या स्वतःच्या पेशींचा आणि तोंडातल्या इतर जंतूंचा डीएनए इतका असतो की त्यातून क्षयाच्या जंतूचा अखंड क्रम मिळवणं फार कठीण. म्हणून औषधांशी संबंध असलेल्या जनुकांचे तुकडे आधी पीसीआरनं वाढवून घ्यायचे आणि तेवढेच हजारो वेळा वाचायचे. याला टार्गेटेड सिक्वेन्सिंग म्हणतात. मार्च २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या मार्गदर्शक सूचनांत त्याची शिफारस केली. कल्चरची वाट न पाहता, थेट बेडक्यातून, काही दिवसांत दहा-बारा औषधांबद्दल बोलता येईल अशी ही पहिलीच पद्धत.

यंत्रं मात्र आपल्याकडं आली ती कोविडमुळं. डिसेंबर २०२० मध्ये विषाणूचा जनुकक्रम वाचणाऱ्या दहा प्रयोगशाळांचं इन्साकॉग जाळं उभं राहिलं, त्यात पुण्यातल्या एनआयव्ही आणि एनसीसीएस या दोन संस्था होत्या. २०२१ च्या सुरुवातीला अमरावती आणि आसपास रुग्ण झपाट्यानं वाढले आणि नमुन्यांतून बी.१.६१७ हा प्रकार पुढं आला. त्याच्याच एका शाखेला मे महिन्यात डेल्टा हे नाव मिळालं. त्या दिवसांत आमच्यातले कितीतरी तरुण तंत्रज्ञ रात्री जागून लायब्ररी बनवायला, म्हणजे डीएनए यंत्रात वाचण्याजोगा तयार करायला शिकले. आज क्षयाच्या कामात जे हात सराईतपणे चालतात ते तेव्हा तयार झालेले आहेत.

पण त्या कामातून या कामात येताना सगळ्यांना एक सवय मोडावी लागली. साथीवर नजर ठेवायची असते तेव्हा शंभर नमुन्यांतले दहा फुकट गेले तरी नव्वदांतून चित्र दिसतं. क्रम नीट आला नाही तर तो नमुना बाजूला टाकायचा आणि पुढं जायचं. निदानात बाजूला टाकता येत नाही. प्रत्येक नळीवर एक निक्षय आयडी, म्हणजे रुग्णाचा सरकारी नोंदणी क्रमांक असतो आणि त्यामागं गोळ्या हातात घेऊन बसलेला एक माणूस असतो. नमुना फेल गेला तर तो का गेला हे शोधायचं, केंद्राला फोन करायचा, पुन्हा बेडका मागवायचा. नव्या मुलामुलींना मी यंत्र शिकवायच्या आधी फेल नमुन्यांची वही शिकवते.

नमुना फेल जाण्याचं कारण यंत्रात क्वचितच सापडतं. बहुतेक वेळा ते नळीत असतं. ‘बेडका द्या’ म्हटल्यावर माणूस संकोचानं थुंकी देतो. पातळ, फेसाळ, लाळेची. तीत जंतू नाहीत, म्हणून डीएनए नाही, म्हणून क्रम नाही. सकाळी उठल्यावर चूळ भरून, खोल श्वास घेऊन, पोटापासून खोकून काढलेला घट्ट बेडका आला की अर्धं काम झालेलं असतं, आणि हे रुग्णाला समजावून सांगणारी आशाताई किंवा केंद्रातली सिस्टर आमच्या कामात आमच्याइतकीच भागीदार असते. मग त्या जंतूचं मेणचट कवच. मायकोलिक आम्लांचा हा थर इतका चिवट असतो की साध्या रसायनांनी पेशी फुटत नाही. उष्णतेनं जंतू मारून, बारीक मण्यांसोबत जोरानं हलवून तो फोडावा लागतो. फार कमी हलवलं तर डीएनए बाहेर येत नाही, फार जास्त हलवलं तर त्याचे तुकडे होतात. स्मिअरमध्ये, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीत थ्री प्लस असलेला, जंतूंनी भरलेला नमुना या सगळ्यातून सहज पार पडतो. स्मिअर निगेटिव्ह असलेल्या, म्हणजे जंतू कमी असलेल्या नमुन्यात बरीच जनुकं वाचताच येत नाहीत. अशा वेळी रिपोर्टवर प्रत्येक औषधासमोर स्पष्ट लिहावं लागतं, की बदल सापडला नाही, की तो भाग वाचताच आला नाही. या दोन वाक्यांची गल्लत झाली तर रुग्णाचं आयुष्य पणाला लागतं. कोऱ्या जागेला डॉक्टर ‘सगळं ठीक’ असं वाचतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे, म्हणून आमच्या रिपोर्टवर कोरी जागा ठेवायची नाही असा आमचा नियम आहे.

आमच्याकडं खोल्या एका दिशेनं चालतात. ज्या खोलीत पीसीआरनं वाढवलेला डीएनए हाताळला, तिथून त्या दिवशी कुणी नमुन्यांच्या खोलीत परत जायचं नाही. वाढवलेल्या डीएनएचे अब्जावधी तुकडे पिपेटच्या टोकावर, बाहीवर बसतात, आणि त्यातला एखादा पुढच्या रुग्णाच्या नळीत पडला तर एकाचा प्रतिरोध दुसऱ्याच्या नावावर लागतो. प्रत्येक रनमध्ये एक नळी नुसत्या पाण्याची असते. तिच्यात क्षयाच्या जंतूची अक्षरं दिसली तर त्या रनमधला एकही रिपोर्ट बाहेर जात नाही, वॉर्डातून कितीही फोन आले तरी.

वेगाबद्दल जे बोललं जातं त्यात एक गोष्ट सुटते. रनचा खर्च नळ्या कमी असोत की जास्त, जवळपास तेवढाच. म्हणून यंत्र भरेपर्यंत थांबायचा मोह होतो. दोन दिवसांत वाचून होणारा नमुना दहा दिवस फ्रीजमध्ये पडून राहिला तर त्या वेगाचा रुग्णाला काय उपयोग? यावर आमच्याकडं बराच वाद झाला. हिशेब पाहणाऱ्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, पैसा सार्वजनिक आहे. शेवटी आम्ही वार ठरवला. यंत्र भरो न भरो, त्या दिवशी रन लागतोच. दर नमुन्यामागं खर्च थोडा वाढला, आणि तो वाढायला हवा होता असं माझं ठाम मत आहे.

आता वाचलेल्या अक्षरांकडं येते. काही बदल इतके ओळखीचे आहेत की पाहताक्षणी अर्थ लागतो. केटजी जनुकात ३१५ व्या जागी सेरीनच्या ऐवजी थ्रिओनीन आलं तर आयसोनायझिड जवळपास गेलंच. तोच प्रतिरोध आयएनएचए जनुकाच्या अलीकडच्या भागातल्या बदलामुळं असेल तर तो सौम्य असतो, मोठ्या मात्रेत आयसोनायझिड देऊन पाहता येतं, पण त्याच बदलामुळं इथिओनामाइड मात्र हातचं जातं. एकाच औषधाचा ‘रेझिस्टंट’ हा एकच शब्द, आणि त्यामागं दोन वेगळे उपचार. पायराझिनामाइडचं उदाहरण तर मला फार महत्त्वाचं वाटतं. हे औषध आम्लधर्मी माध्यमातच नीट काम करतं आणि त्या माध्यमात जंतू धड वाढत नाही, त्यामुळं त्याची कल्चरवरची चाचणी आयुष्यभर आम्हाला छळत आली. पीएनसीए हे ५६१ अक्षरांचं छोटं जनुक पूर्ण वाचलं की बहुतेकदा उत्तर मिळतं. त्यात बदल कुठंही होऊ शकतो, म्हणून पट्टीवरच्या ठरावीक रेघांनी ते कधीच नीट पकडता आलं नसतं.

रिफाम्पिसिनच्या बाबतीत तर अक्षरांनी कल्चरची चूक दाखवून दिली. आरपीओबीमधले काही बदल असे आहेत की एमजिटमध्ये जंतू औषधाला बळी पडल्यासारखा दिसतो, ‘सेन्सिटिव्ह’ असा रिपोर्ट जातो, आणि रुग्णाचा आजार मात्र उलटतो. असे पुरावे साचत गेले तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये एमजिटमधली रिफाम्पिसिनची निर्णायक मात्रा एक मिलिग्रॅम प्रति लिटरवरून अर्ध्यावर आणली. ज्या चाचणीला आम्ही अंतिम प्रमाण मानत होतो तिचंच माप बदललं. मी शिकले त्या काळातले किती ‘सेन्सिटिव्ह’ रिपोर्ट या दोन मापांच्या मधले होते, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

हे सगळं ऐकून वाटेल की आता कल्चरची खोली बंद करायला हरकत नाही. तसं सुचवणारी माणसं मला भेटतात. खर्चाच्या बैठकीत हा मुद्दा निघतोच. कल्चरसाठी लागणारी बीएसएल-३ ही कडक जैवसुरक्षेची खोली चालवणं महाग आहे. हवेचा दाब, फिल्टर, एन-९५ लावून तासन्‌तास काम करणारी माणसं. पण तिसऱ्या गटाशी रोज गाठ पडणारं कुणीही हा मुद्दा मान्य करणार नाही.

बेडाक्विलिनच्या एका प्रसंगानं हे मला पुरतं पटवलं. बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन ही सहा महिन्यांची तोंडी उपचारपद्धती भारत सरकारनं २०२४ मध्ये मंजूर केली. दीड-दोन वर्षं इंजेक्शनं आणि गोळ्या घेणारे रुग्ण पाहिलेल्या मला सहा महिने हा आकडाच विलक्षण वाटतो. या सगळ्याचा कणा बेडाक्विलिन. आणि बेडाक्विलिनच्या प्रतिरोधाशी मुख्यतः जोडलेलं आरव्ही०६७८ हे जनुक तिसऱ्या गटानं भरलेलं आहे. हे जनुक जंतूच्या पेशीतल्या एका पंपाला लगाम घालतं. लगाम तुटला की पंप वाढतो आणि औषध बाहेर फेकलं जातं. क्लोफाझिमाइन हे दुसरं औषधही त्याच पंपानं बाहेर जातं, म्हणून एकाला प्रतिरोध तयार झाला की दुसऱ्यालाही होतो. जनुक पूर्ण मोडलेलं असेल तर निर्णय सोपा. पण एकच अमिनो आम्ल बदललेलं असेल तर लगाम सैल झाला की जसाच्या तसा आहे, हे अक्षर पाहून सांगता येत नाही. त्यातही कधीकधी पंपाचं स्वतःचं जनुक, एमएमपीएल५, मोडलेलं निघतं. मग लगाम तुटूनही काही बिघडत नाही, औषध चालतं.

एका जिल्ह्यातल्या तरुण छातीरोगतज्ज्ञाचा फोन आला होता. त्यांच्या रुग्णाच्या नमुन्यात असाच एक बदल सापडला होता आणि मी रिपोर्टवर ‘गट ३, अर्थ अनिश्चित’ असं लिहिलं होतं.

“मॅडम, रिपोर्ट वाचला. पण मला हो की नाही तेवढं सांगा. बेडाक्विलिन ठेवू की काढू?”

“डॉक्टर, एवढ्या एका बदलावरून नाही सांगता येणार. पेशंट कसा आहे?”

“वजन वाढत नाहीये. तिसऱ्या महिन्याचा स्मिअरही पॉझिटिव्ह आलाय.”

“याआधी कधी बेडाक्विलिन झालंय का?”

“हो, झालंय. मागच्या वेळी दुसरीकडं ट्रीटमेंट घेतली होती, मध्येच सोडली.”

“हे फॉर्मवर नव्हतं.”

“तो रकाना कुणी भरत नाही, मॅडम.”

या चार वाक्यांत मला रिपोर्टपेक्षा जास्त कळलं. बेडाक्विलिन शरीरात फार रेंगाळतं. त्याची शेवटची अर्ध्यावर येण्याची मुदतच सुमारे साडेपाच महिन्यांची. उपचार मध्येच सुटले की बाकीची बहुतेक औषधं काही दिवसांत निघून जातात आणि जंतूसमोर कितीतरी महिने जवळपास एकटं बेडाक्विलिन, तेही कमी मात्रेत, उरतं. प्रतिरोध निपजायला याहून सोयीची परिस्थिती नाही. हे सगळं एकत्र पाहता तो बदल निरुपद्रवी असण्याची शक्यता मला कमी वाटते, असं मी त्यांना सांगितलं, आणि हा अंदाज आहे, रिपोर्ट नाही, हेही सांगितलं. त्यांनी रुग्णासमोर बसून, पुन्हा सगळा इतिहास काढून औषधं बदलली. आम्ही कल्चर लावलं. एमजिटमध्ये एक मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर या ठरलेल्या मात्रेतही तो जंतू वाढला. बेडाक्विलिन त्याच्यावर चालत नव्हतं.

त्याच जनुकातल्या दुसऱ्या एका बदलाच्या वेळी नेमकं उलट घडलं. कल्चरमध्ये जंतू औषधापुढं टिकला नाही आणि तो रुग्ण आहे त्याच गोळ्यांवर बरा झाला.

ज्येष्ठ तंत्रज्ञ, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, त्या दोन्ही वेळी कल्चरच्या खोलीत होते. एमजिटची नळी पॉझिटिव्ह दाखवली की काका ती लगेच खरी मानत नाहीत. स्मिअर काढतात, क्षयाचे जंतू दाखवणारा झेडएन रंग देतात आणि जंतू दोरखंडासारखे एकमेकांना बिलगलेले दिसले की मगच नोंद करतात. एकदा एक नवी मुलगी त्यांना म्हणाली, “काका, आता सिक्वेन्सिंग आलंय, हे सगळं बंद होईल ना?” काकांनी तिला तिच्याच संगणकावर जागतिक यादी उघडायला लावली आणि विचारलं, “बाळ, या पहिल्या गटात हे बदल कुणी घातले?” ती यादी बनली ती हजारो जंतूंचा क्रम वाचून आणि तेच जंतू बाटल्यांत औषधासोबत वाढवून पाहून. दुसऱ्या आवृत्तीमागं ५२ हजारांहून अधिक जंतू आहेत. प्रत्येकामागं एक बाटली, एक बीएसएल-३ ची खोली, आणि कल्चर वाचणारं कुणीतरी. तिसऱ्या गटातलं एखादं अक्षर पहिल्या किंवा पाचव्या गटात सरकायला दुसरी वाटच नाही.

म्हणून कल्चरची खोली बंद करण्याच्या प्रत्येक प्रस्तावाला मी विरोध करते. सिक्वेन्सिंगचं ज्ञान त्या संथ खोलीतून येतं. नवं औषध आलं की ते पुन्हा तिथूनच यावं लागेल. प्रेटोमॅनिडची यादी अजून फार तोकडी आहे. त्याच्याशी संबंधित जनुकं सहा, आणि त्यांतल्या बहुतेक बदलांचा अर्थ लागलेला नाही. जनुकक्रम वाचणाऱ्या प्रयोगशाळा वाढल्या आणि कल्चर करणाऱ्या कमी झाल्या तर तिसरा गट फुगत जाईल.

२०१२ च्या जानेवारीतली मुंबई आठवते. हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी तपासलेल्या कोणत्याही औषधाला दाद न देणाऱ्या चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती, आणि ‘पूर्णतः औषधप्रतिरोधक’ क्षयाची बातमी देशभर पोहोचली. जागतिक आरोग्य संघटनेनं ती संज्ञा स्वीकारली नाही. त्यातल्या अनेक औषधांच्या चाचण्याच पुरेशा भरवशाच्या नव्हत्या, हे त्यामागचं एक कारण. पण त्या रुग्णांचा आजार खरा होता, आणि ती नोंद केल्याबद्दल आपण उदवाडियांचे ऋणी आहोत. त्या वादातून मुंबईत चाचण्यांकडं, औषधांकडं जे लक्ष गेलं ते आधी गेलं नव्हतं. चाचणीचा भरवसा आणि रुग्णाची अवस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीबद्दल शंका घेताना दुसरीकडं पाठ फिरवायची नाही, हे मी तेव्हा शिकले.

क्षयाच्या पलीकडंही हाच प्रश्न उभा राहतो. जंतू कोणता आहे हेच ठाऊक नसताना मेंदूभोवतीच्या पाण्यातला सगळाच डीएनए वाचायचा, याला मेटाजिनोमिक्स म्हणतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या १४ वर्षांच्या मुलाची हकिगत २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. मेंदूज्वरानं तो अत्यवस्थ होता, नेहमीच्या सगळ्या चाचण्या कोऱ्या. सॅन फ्रान्सिस्कोतल्या प्रयोगशाळेत तीस लाखांहून अधिक वाचनांमध्ये लेप्टोस्पायरा या जंतूची जेमतेम ४७५ निघाली. पेनिसिलिन दिलं आणि मुलगा बरा झाला. ही हकिगत मी विद्यार्थ्यांना सांगते तेव्हा कोकणातून आलेली मुलं विचारात पडतात. सिंधुदुर्गात पावसाळ्यात असा ताप आला तर तालुक्याचा डॉक्टर लेप्टोचा विचार पहिल्या पाचांत करेल, यंत्राशिवाय. त्या डॉक्टरांकडं असलेलं ज्ञान यंत्रात नसतं. उलट, सगळंच वाचलं की रसायनांच्या बाटल्यांतले, कातडीवरचे, हवेतले जंतूही यादीत येतात, आणि त्यातला गुन्हेगार कोण हे ठरवायला पुन्हा रुग्णाचा इतिहास लागतो.

रिपोर्ट कसा लिहायचा यावर आम्ही गेल्या काही काळात खूप काम केलं आहे. पहिल्या पानावर औषधांची नावं आणि निकाल, डॉक्टरला अर्ध्या मिनिटात वाचता येईल असे. दुसऱ्या पानावर बदल, त्यांचा गट, आणि किती टक्के वाचनांत तो सापडला. कारण एकाच रुग्णाच्या फुप्फुसात दोन प्रकारचे जंतू असू शकतात, आणि आज आठ टक्के असलेला प्रतिरोधक जंतू चुकीच्या उपचारांखाली उद्या सगळी जागा घेतो. तिसऱ्या गटातला बदल असेल तर पहिल्या पानावरच ठळक ओळ: ‘कल्चर लावले आहे, निकाल आल्यावर सुधारित रिपोर्ट पाठवू.’ आणि तो आम्ही पाठवतोच. तिसऱ्या गटातला प्रत्येक जंतू उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवतो, त्याची मोजलेली मात्रा क्रमासोबत नोंदवतो आणि पुढच्या यादीसाठी देतो.

यात एक दुवा अजून कच्चा आहे. जंतू बाटलीत कसा वागला हे आम्हाला कळतं. रुग्णाचं पुढं काय झालं हे बहुतेकदा कळत नाही. बाटलीत औषधाला बळी पडलेला जंतू माणसाच्या फुप्फुसात टिकला तर त्या बदलाबद्दलचं आमचं मत बदलायला हवं, पण त्यासाठी ती बातमी आमच्यापर्यंत यायला हवी. फॉर्म कोरा आला म्हणून आम्ही नमुना परत पाठवत नाही, आम्हीच फोन करतो. तरी जिल्ह्याजिल्ह्यातल्या डॉक्टरांना आणि क्षयरोग पर्यवेक्षकांना माझं सांगणं आहे: बेडाक्विलिन किंवा क्लोफाझिमाइन याआधी कधी दिलं, किती महिने चाललं आणि का थांबलं, एवढं त्या रकान्यात लिहा, कोणत्याही भाषेत लिहा. आणि उपचार संपला की रुग्ण बरा झाला, आजार उलटला की दगावला, ते आम्हाला कळवा. फोन नंबर प्रत्येक रिपोर्टच्या तळाशी छापलेला आहे.